उतार आधी, रंग शेवटी

सोसायटीत खेळाचं कोर्ट करायचं ठरलं की पहिल्या दोन-तीन बैठका हमखास रंगावर जातात. निळं की हिरवं, मधोमध सोसायटीचं नाव हवं की नको, रेषा पिवळ्या की पांढऱ्या. आमच्याही गेल्या. पाणी कुठल्या बाजूला उतरणार हा प्रश्न चौथ्या बैठकीत आला आणि खरं काम तिथून सुरू झालं. पुण्यात मुंढव्याकडच्या आमच्या सोसायटीत ऑक्टोबर ते फेब्रुवारी या पाच महिन्यांत हे कोर्ट झालं. त्याची मापं, कामाचा क्रम आणि कुठे काय बिघडलं ते इथे देत आहोत. जागा बदलली की आकडे बदलतील, क्रम सहसा बदलत नाही.

जागा, कागद आणि जमिनीखालचं

मोकळी पट्टी होती २८ मीटर बाय १९ मीटर, लांबी उत्तर-दक्षिण. हे नशीबच म्हणायचं. लोक खेळतात ते सकाळी सात-आठला आणि संध्याकाळी पाचनंतर, आणि तेव्हा सूर्य पूर्वेला नाहीतर पश्चिमेला खाली आलेला असतो. कोर्ट पूर्व-पश्चिम पडलं तर नेटच्या एका बाजूच्या खेळाडूच्या डोळ्यांवर तिरीप येत राहते आणि सगळे एकाच बाजूला खेळायला भांडतात.

टेप घेऊन उतरण्याआधी मंजूर नकाशा उघडावा. खुल्या जागेची चौकट कुठे संपते आणि अग्निशमन बंबाची वाट कुठून जाते, हे त्यावर दिसतं. बंबाच्या वाटेवर कुंपण घातलं तर ते एक दिवस काढावंच लागतं. खाली पार्किंग असलेल्या पोडियमवर कोर्ट करायचं असेल तर पुढचं फारसं उपयोगी पडणार नाही. तिथे स्लॅबची ताकद आणि वॉटरप्रूफिंग हाच मुख्य मामला, तेव्हा आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला गाठा. झाड आड येत असेल तर १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी लागते. आमच्या कोपऱ्यात शिरीष होता. आम्ही झाड ठेवलं आणि कोर्ट सरकवलं. त्यात वेळही वाचला आणि दुपारची सावलीही मिळाली. शिरीषाचा कचरा नाल्यात जातो, ते पुढे येईलच.

वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावीच लागते. कोर्टाचा ठराव त्याच सभेत करून घेतला तर पाऊस ओसरल्या ओसरल्या काम सुरू होतं. खर्चाची कमाल मर्यादा, पैसा कुठल्या निधीतून येणार आणि खेळाच्या वेळा, तिन्ही गोष्टी एकाच ठरावात हव्यात. सिंकिंग फंड इमारतीसाठी असतो, त्याला कोर्टासाठी हात लावू नये. वेळा मागाहून ठरवू म्हणाल तर कोर्ट झाल्यावर पहिल्या मजल्यावरचे आणि दहाव्या मजल्यावरचे यांचं कधीच एकमत होत नाही.

जमिनीखाली काय आहे ते शोधणं हे कंटाळवाणं काम आहे, आणि सगळ्यांत जास्त पैसे त्यानेच वाचतात. फायर हायड्रंटची लाइन, गॅसवाहिनी, बागेच्या पाण्याचा पाइप, ड्रेनेज. आमच्या पट्टीत ड्रेनेजचे दोन चेंबर निघाले, त्यातला एक बरोबर नेटच्या रेषेवर. ‘झाकण राहू द्या, वरून रंग मारू’ असं एका ठेकेदाराने सुचवलं. असं करू नये. चेंबरची भिंत आणि स्लॅब एकसारखे हलत नाहीत, त्यामुळे झाकणाच्या चारी कोपऱ्यांतून भेगा निघतात. शिवाय ड्रेनेज तुंबेल त्या दिवशी मैला कोर्टावर येईल. लाइन कडेने वळवली, दोन्ही चेंबर बाहेर काढले.

मापं कशी बसवली

पूर्ण बास्केटबॉल कोर्ट २८ बाय १५ मीटर असतं आणि भोवती दोन-दोन मीटर मोकळे लागतात, म्हणजे ३२ बाय १९. आमच्याकडे ते बसत नव्हतं. कुंपण आणि नाल्याची जागा सोडून हातात राहिले २६ बाय १७. इथे ‘बसतंय तेवढं बसवू’ म्हणत रेषा कुंपणाला भिडवायचा मोह होतो. ले-अप (धावत येऊन रिंगजवळून टाकलेला चेंडू) मारून पळत आलेला मुलगा दोन पावलांत थांबत नाही, तो जाळीवर जातो.

बऱ्याच खाडाखोडीनंतर बसलेली मांडणी अशी. बास्केटबॉलसाठी २२ बाय १४, टोकांना दोन मीटर आणि बाजूंना दीड मीटर मोकळे. बरोबर मधोमध, १३ मीटरवर, नेटची रेषा. त्याच रेषेने कोर्टाचे ११-११ मीटरचे दोन अर्धे होतात, आणि थ्री-ऑन-थ्री खेळाची अधिकृत लांबी ११ मीटरच आहे. एका अर्ध्यात मोठी मुलं आणि दुसऱ्यात लहान, असं त्यामुळे जमतं. थ्री-पॉइंट रेषा रिंगच्या मध्यापासून ६.७५ मीटरवर पूर्ण बसते. कोपऱ्यात ती साइडलाइनपासून ९० सेंटिमीटरवर असायला हवी, तिथे आमच्याकडे ४० सेंटिमीटर उरतात. ही तडजोड आम्ही जाणून केली. कोपऱ्यातून थ्री मारणाऱ्यांनी पाय आवरावेत.

व्हॉलीबॉल १८ बाय ९. मधोमध ठेवला की चारी बाजूंना चार-चार मीटर मिळतात, म्हणजे नियमातल्या तीन मीटरपेक्षा जास्तच. पिकलबॉल १३.४१ बाय ६.१० आणि बॅडमिंटन १३.४० बाय ६.१०, म्हणजे बाहेरची चौकट एकच समजा. आतल्या रेषा मात्र वेगळ्या: बॅडमिंटनची पुढची सर्व्हिस रेषा नेटपासून १.९८ मीटरवर, पिकलबॉलच्या ‘किचन’ची, म्हणजे नेटजवळच्या पट्टीची, रेषा २.१३ मीटरवर. पंधरा सेंटिमीटरच्या अंतराने दोन रेषा आखल्या की दोन्ही खेळांत गोंधळ होतो. आम्ही पिकलबॉलच्या आखल्या. ज्या गावाच्या नावावरून बॅडमिंटनला एकेकाळी ‘पूना’ म्हणत, तिथेच असं करायचं म्हणून एका काकांनी निषेध नोंदवला. पण उघड्यावर शटल वाऱ्याने वाहतं. बॅडमिंटन होतं ते पहाटे, वारा पडलेला असताना, आणि ते खेळणाऱ्यांना चौकट पुरते.

कबड्डी आणि खो-खोची मागणी आली होती. खो-खोचे नियम १९१४ मध्ये याच शहरात बांधले गेले, तेव्हा मागणी रास्त. पण खो-खोचं मैदान २७ बाय १६ चं, आणि दोन्ही खेळांत अंग जमिनीवर टाकावं लागतं. कोर्टाच्या ॲक्रिलिक रंगात वाळू असते, त्यावर सूर मारला की कातडी सोलून निघते. मॅट टाकल्याशिवाय हे खेळ कठीण पृष्ठभागावर घेऊ नयेत. क्रिकेटसाठी वेगळं काही केलं नाही, ते होणारच असतं. टेनिस बॉल चालेल, सीझन बॉल नाही, एवढीच ओळ पाटीवर.

रेषांचे रंग तीनच ठेवले: बास्केटबॉल पांढरा, व्हॉलीबॉल पिवळा, पिकलबॉल काळा. चौथा खेळ आखला की कोर्ट शिवणकामाच्या पॅटर्नसारखं दिसायला लागतं.

काळी माती

पृष्ठभाग कुठलाही निवडा, तो टिकणार की नाही हे खालची माती ठरवते. बावधन-वारज्याकडे टेकडीच्या पायथ्याला हात-दीड हातावर मुरूम लागतो. नदीकाठच्या पट्ट्यात तसं नसतं. आम्ही चार कोपऱ्यांत आणि मधोमध असे मीटरभर खोल पाच खड्डे घेतले. काळी माती ४० ते ५० सेंटिमीटर, त्याखाली पिवळसर मुरूम. एका कोपऱ्यात मात्र बांधकामाच्या वेळचा राडारोडा पुरलेला निघाला: विटांचे तुकडे, सिमेंटच्या गोण्या, प्लॅस्टिक. तो भाग पूर्ण उपसावा लागला. राडारोड्यावर कितीही रोलर फिरवा, आतल्या पोकळ्या दोन पावसाळ्यांनी बसतातच.

काळी माती पावसात फुगते आणि मेमध्ये हात जाईल एवढ्या भेगा पाडून आकसते. स्लॅबच्या मधल्या भागाखालचा ओलावा वर्षभर साधारण सारखा राहतो. कडेला तो बदलत असतो. म्हणून कडा वर-खाली होतात आणि कडेपासून दीड-दोन मीटर आत, कडेला समांतर लांब भेग पडते. शहरातल्या जुन्या कोर्टांवर ही भेग ओळखता येते. लोक तिला ‘सिमेंट कमी घातलं’ म्हणतात. बहुतेक वेळा सिमेंटचा दोष नसतो, दोष मातीचा असतो. याच कारणाने कोर्टाला लागून फुलझाडांचे वाफे आणि रोज फिरणारे स्प्रिंकलर नकोत.

खालून वर आमचे थर असे: काळी माती काढून तळ रोल केला; मुरूमाचे १५ सेंटिमीटरचे दोन थर; वर १५ सेंटिमीटर जीएसबी, म्हणजे खडी, ग्रिट आणि डस्टचं मिश्रण; त्यावर २५० मायक्रॉनचा प्लॅस्टिक कागद; आणि १२५ मिलिमीटर काँक्रीट. एकूण ५७.५ सेंटिमीटर. खोदाई ५० ची, म्हणजे कोर्ट आजूबाजूच्या जमिनीपेक्षा साडेसात सेंटिमीटर वर राहिलं आणि बागेचं पाणी त्यावर येत नाही.

प्रमाणं ब्रासमध्ये मांडतो, कारण डंपरवाला ब्रासमध्येच बोलतो. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. ४४२ चौरस मीटरवर ३० सेंटिमीटर दाबलेला मुरूम म्हणजे ४७ ब्रास. सुट्टा माल दाबल्यावर बसतो, म्हणून मागवावा लागतो ६० च्या आसपास. जीएसबी दाबून साडेतेवीस ब्रास, सुट्टी ३०. खोदलेली माती ७८ ब्रास, पण फुगून ती डंपरमध्ये शंभराला टेकते. ती कुठे टाकायची हे खोदाईआधी ठरवा. कडेने अर्धा मीटर जास्त खोदलं, ते यात धरलेलं नाही.

मुरूम लाल-पिवळा, मुठीत दाबला की गोळा व्हावा, पण हाताला चिकटू नये. चिकटला तर त्यात माती जास्त आहे. कोरडा मुरूम रोलरखाली बसल्यासारखा दिसतो आणि पहिल्या पावसात खचतो, म्हणून पाणी मारून, ओलसर झाल्यावरच रोलर. ‘तीस सेंटिमीटर एकदम टाकून दाबू, रोलर मोठा आहे’ हे ऐकू नका. वरचे पंधरा दाबले जातात, खालचे तसेच राहतात. कंपाउंडच्या भिंतीजवळ रोलरचं व्हायब्रेशन बंद ठेवून प्लेट कॉम्पॅक्टर चालवला.

उतार

इथेच घोडं पेंड खातं. उतार एकाच दिशेला, एकाच पातळीत, शंभराला एक. मधोमध उंच करून दोन्हीकडे उतार दिला तर नेटखाली उंचवटा येतो, आणि चारी बाजूंनी उतार देऊन मध्यात पाण्याची जाळी ठेवली तर कोर्टाचा तवा होतो. आम्ही १७ मीटरच्या रुंदीत पूर्वेकडून पश्चिमेकडे १७ सेंटिमीटर उतार दिला. शंभराला अर्धा दिला तर हाताने घोटलेल्या काँक्रीटच्या चुकांत तो हरवतो आणि डबकी राहतात.

उतार तळापासूनच द्यायचा असतो, खोदाई, मुरूम, जीएसबी सगळ्यांना तोच. खाली सपाट ठेवून काँक्रीटमध्ये उतार काढला तर एका बाजूला स्लॅब २१ सेंटिमीटर जाड आणि दुसऱ्या बाजूला चारच होतो. प्रत्येक थरानंतर ऑटो लेव्हलने (पातळी मोजायच्या दुर्बिणीने) तीन-तीन मीटरवर रीडिंग घेतलं. पाण्याच्या नळीने होतं, पण एवढ्या लांबीवर नळीत एक बुडबुडा राहिला तरी सेंटिमीटर जातो.

उताराचा एक परिणाम लगेच लक्षात येत नाही. व्हॉलीबॉलचे खांब एकमेकांपासून १०.२ मीटरवर आहेत, म्हणून पश्चिमेच्या खांबाचा पाया दहा सेंटिमीटर खाली. दोन्ही खांबांवर जमिनीपासून सारखीच उंची मोजली तर नेट उतरती दिसते आणि लोक येऊन सरळ करतात. उंची मध्यावर मोजायची: पुरुषांसाठी २.४३ मीटर, महिलांसाठी २.२४, आणि नेट कोर्टाच्या उताराला समांतर ठेवायची. खांबांवर खुणा कोरून ठेवल्या.

पाण्याचा हिशेब सोपा आहे. ४४२ चौरस मीटरवर एक सेंटिमीटर पाऊस म्हणजे ४,४२० लिटर. तासाला पाच सेंटिमीटरची सर आली तर सेकंदाला सहा लिटर. ११० मिलिमीटरचा पाइप शंभराला एक उतारावर कसाबसा तेवढंच नेतो, आणि तेही आत शिरीषाची पानं नसतील तर. म्हणून १६० चा घातला. पश्चिमेच्या कुंपणाबाहेर ३० सेंटिमीटर रुंद नाला, त्यावर उचलता येणारी जाळी आणि टोकाला गाळ अडवणारा खड्डा. तिथून पाणी शोषखड्ड्यात. जाळी सिमेंटने पक्की करू नका, ती दर पावसाळ्यात चार-पाचदा उचलावी लागते.

काँक्रीट

पेव्हर ब्लॉक खेळाच्या कामाचे नाहीत, चेंडू सांध्यावर पडून कुठेही उडतो. डांबरावर ॲक्रिलिक चांगलं बसतं, पण छोट्या जागेत पेव्हर मशीन शिरत नाही आणि हाताने पसरलेलं डांबर सपाट होत नाही. जोडायच्या प्लॅस्टिक टाइल्स झटपट बसतात आणि तितक्याच वाजतात. दोन इमारतींच्या मध्ये तो आवाज असह्य होतो. खाली सपाट काँक्रीट त्यालाही लागतंच. तेव्हा काँक्रीट आणि वर ॲक्रिलिक.

सांध्यांचं अंतर स्लॅबच्या जाडीच्या २४ ते ३० पट, म्हणजे १२५ मिलिमीटरला तीन ते पावणेचार मीटर. १७ चे पाच भाग ३.४ मीटरचे, २६ चे आठ भाग ३.२५ चे, एकूण ४० चौकोन. आकडे असे घेण्याला कारण आहे. ३.२५ चे चार भाग म्हणजे १३, तर एक सांधा थेट नेटच्या रेषेवर येतो. व्हॉलीबॉलचे खांब साइडलाइनच्या बाहेर ६० सेंटिमीटरवर घेतले की ते ३.४ आणि १३.६ मीटरवर पडतात, अगदी सांध्यांच्या छेदावर. खांबाची नळी चौकोनाच्या पोटात घातली तर तिच्या कोपऱ्यातून भेग निघणारच. छेदावर घातली तर भेगेला जायला सांधा आयता असतो. पायाभोवती थर्माकोलची पट्टी घालून तो स्लॅबपासून सुटा ठेवला. पिकलबॉल-बॅडमिंटनचे खांब चाकांवरचे, वजनाचे घेतले. त्यांच्यासाठी कोर्टात भोकं पाडली नाहीत.

काँक्रीट एम-२५ प्रतीचं, गाडीतून तयार येणारं. ५५ घनमीटर अधिक नासधूस, सहा घनमीटरच्या दहा गाड्या. ३.४ मीटरची एक पूर्ण पट्टी ११ घनमीटरची, म्हणजे दोन गाड्या. पहिल्या दिवशी पहिली, तिसरी, पाचवी पट्टी. तीन दिवसांनी दुसरी आणि चौथी, आधीच्या पट्ट्यांच्या कडेवर फळी ओढून. यामुळे फळी ३.४ मीटरचीच लागते आणि उतार हातात राहतो. गाड्या सकाळी लवकर मागवा. शहरात अवजड वाहनांना बंदीच्या वेळा आहेत, आणि मालात पाणी पडल्यापासून दोन तासांच्या आत माल खाली व्हायला हवा. अडकलेली गाडी आली की चालक ड्रममध्ये पाणी सोडून माल पातळ करायला बघतो. आमच्याकडे एकदा तसं झालं. गाडी परत पाठवली, त्या पट्टीत मध्येच सांधा घ्यावा लागला. त्या दिवशी वाद झाला, पण पाणी घातलेल्या मालाचा वरचा थर पुढे खडूसारखा निघतो आणि त्याच्याबरोबर रंगही.

सळई ८ मिलिमीटरची, २० सेंटिमीटरवर दोन्ही दिशांना. जोड धरून एकोणीसशे किलोच्या आसपास. ती स्लॅबच्या वरच्या तिसऱ्या भागात हवी, वरून चार-पाच सेंटिमीटरवर. तिचं काम भेग उघडू न देणं. प्रत्यक्षात मजूर तिच्यावरून चालतात आणि जाळी प्लॅस्टिक कागदावर जाऊन बसते, तिथे ती नसल्यासारखीच. दर मीटरला सळईच्या खुर्च्या आणि चालायला फळ्या लावल्या. तरी माल पडताना एक माणूस आकडा घेऊन जाळी वर ओढायला उभा केला.

आता गवंड्याचं कौशल्य आड येतं. चांगला गवंडी काँक्रीट आरशासारखं घोटतो, वर कोरडं सिमेंट भुरभुरवतो आणि अभिमानाने दाखवतो. त्या काचेवर ॲक्रिलिक धरत नाही. रंद्याने सपाट करून, थोडं घट्ट व्हायला लागलं की कडक ब्रशने एकाच दिशेने हलका खरखरीतपणा द्यायचा, सिमेंट भुरभुरवायचं नाही. हे करारात लिहा आणि त्या दिवशी सकाळी मुकादमाला पुन्हा सांगा. क्युरिंग कंपाउंड (काँक्रीटमधली ओल धरून ठेवणारं रसायन) फवारायला सरळ नाही म्हणा, त्याच्या मेणकट थरावरही रंग टिकत नाही. पाण्यानेच क्युरिंग. उतारामुळे आळी करून पाणी साठत नाही, वरच्या बाजूला कोरडं राहतं. म्हणून गोणपाट, १४ दिवस, दिवसातून चार वेळा भिजवून.

ग्रूव्ह कटिंग, म्हणजे सांध्यांच्या खाचा कापणं, दुसऱ्या दिवशी सकाळी, सळई चुकवून साधारण ३५ मिलिमीटर खोल. लवकर कापलं तर कडा तुटतात, दुपारपर्यंत थांबलं तर काँक्रीट स्वतःची भेग स्वतः निवडतं. आमच्या चौथ्या पट्टीत मशीन बंद पडलं, दुपार झाली, आणि खुणेपासून चार इंचांवर केसासारखी भेग आलीच. ती रुंद करून भरली. आज ती रंगाखाली ओळखू येते, ज्याला माहीत आहे त्यालाच.

बास्केटबॉलचे खांब एंडलाइनच्या मीटरभर मागे. बोर्डाचा पुढचा पृष्ठभाग एंडलाइनच्या १.२ मीटर आत यावा लागतो, म्हणजे खांबाचा आडवा हात २.२ मीटर लांब. त्याला लोंबकळणारी मुलं धरा. पाया मीटर बाय मीटर, १.२ मीटर खोल, बोल्ट टेम्पलेटला बांधून. रिंग ३.०५ मीटरवर, कोर्टाच्या पृष्ठभागापासून मोजून, रंग धरून. दुसरी रिंग पुढच्या वर्षी घेणार असाल तरी दोन्ही पाये आत्ताच घाला. दिव्यांच्या वायरींसाठी ५० मिलिमीटरचे दोन रिकामे पाइपही स्लॅबखालून आत्ताच टाका.

रंग

काँक्रीटला २८ दिवस झाल्याशिवाय रंगाला हात नाही. त्यानंतरही आत ओल असू शकते. ४५ सेंटिमीटरचा प्लॅस्टिकचा चौकोन चारी बाजूंनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी खाली घाम दिसला किंवा काँक्रीट काळपट झालं तर अजून थांबा. थांबला नाहीत तर मार्चच्या उन्हात रंगाला फोड येतात.

मग पाणी सोडून पाहिलं. पूर्ण कोर्ट भिजवलं, तासभर थांबलो आणि राहिलेल्या डबक्यांच्या कडा खडूने आखल्या. दोन मिलिमीटरपेक्षा खोल सात निघाली. ती पॅचिंगच्या मालाने भरली, पुन्हा पाणी, मग दोन उरली, पुन्हा भरली. हे रंगाआधीच. रंगानंतरचं ठिगळ दिसतं. पुढे सौम्य ॲसिडने धुणं, भरपूर पाणी, काँक्रीटसाठीचा प्रायमर, वाळू मिसळलेला रिसरफेसर (पृष्ठभाग एकसारखा करणारा थर) दोन हात, रंग तीन हात, शेवटी रेषा. सगळं स्क्वीजीने, म्हणजे रबरी पट्टीच्या दांड्याने. रेषा पाच सेंटिमीटर रुंद. आखणीला दोन्ही कर्ण मोजा: २२ बाय १४ चे २६.०८ मीटर यायला हवेत.

हवामान सांभाळावं लागतं. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात पहाटे दव असतं आणि पारा दहाच्या खाली जातो. त्यामुळे काम दहाला सुरू आणि चारला बंद. एप्रिलमध्ये उलटा त्रास, रंग ओढता ओढताच सुकतो आणि पट्टे दिसतात. फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा सोयीचा पडला. दुसऱ्या हातानंतरच्या रात्री मात्र एक कुत्रं कोपऱ्यातून कोपऱ्यात गेलं. चारी बाजूंना दोरी नाही, जाळी लावा.

कुंपण, दिवे, आणि पावसानंतर

जाळी बाजूंना तीन मीटर, रिंगमागे चार, सगळी मिळून २९२ चौरस मीटर. खांब ३२, स्लॅबच्या बाहेर. खालून पाच सेंटिमीटर फट, पानं आणि पाणी जायला. एक फाटक माणसांसाठी, एक तीन मीटरचं दुहेरी, रिंगच्या मागे कुठलंच नाही. साध्या जाळीतून वारा जातो. तिच्यावर वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फ्लेक्स बांधला की तिचं शीड होतं. वळवाच्या वाऱ्यात खांब वाकतात ते यामुळे. फ्लेक्सबंदी ठरावात घातली.

दिवे १५० वॅटचे आठ, लांब बाजूंना दोन-दोन खांबांवर, आठ मीटर उंच. टोकांना नाहीत, नाहीतर रिंगकडे बघताना डोळ्यांत येतात. एकूण १.२ किलोवॅट, तीन तास म्हणजे ३.६ युनिट. वेगळा मीटर-फलक, अर्थिंग, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) आणि साडेनऊला बंद करणारा टायमर. कायद्यात रात्र दहाला सुरू होते आणि निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. बास्केटबॉल ती सहज ओलांडतो. टायमर लावला म्हणून रोज कुणी खाली उतरून भांडत नाही.

ठेकेदाराचे दहा टक्के एक पावसाळा होईपर्यंत राखून ठेवा. निविदेत हे नसेल तर नंतर कोणी मान्य करत नाही. जूनच्या पहिल्या मोठ्या सरीनंतर छत्री घेऊन खडूने पुन्हा डबकी आखली, तीन निघाली. दुरुस्ती ऑक्टोबरात झाली, मग पैसे दिले.

आणि गणपती. एवढी सपाट जागा मिळाल्यावर मांडव तिथेच पडणार. बांबूसाठी पहारीने कोर्टाला भोकं पाडली की पाणी आत जातं, आणि केटररच्या कढईखाली ॲक्रिलिक वितळतं. म्हणून दोन्ही लांब बाजूंना, स्लॅबच्या बाहेर, दर ५.२ मीटरला मांडवाच्या खांबांसाठी लोखंडी पाइप पुरले, एकूण बारा. शेगड्या नाल्यापलीकडे. पाइपांना फिरवून बसणारी झाकणं आहेत आणि ती उघडायचा पाना सोसायटीच्या ऑफिसात दाराच्या मागच्या खिळ्याला टांगलेला असतो.